सर मायकेल रटर (१९३३–२०२१)

जन्म लेबनॉनमधला, वडील डॉक्टर. युद्धामुळे १९४० साली बहिणीसह त्यांना अमेरिकेत पाठवलं गेलं. चार वर्षं आईवडिलांविना गेली. बर्मिंगहॅमला वैद्यकीय पदवी, मग लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात मनोविकारशास्त्राचं प्रशिक्षण. १९७३मध्ये ते ब्रिटनमधले बालमनोविकारशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

सर्वांत मोलाचं काम स्वमग्नतेवरचं. आईच्या कोरडेपणामुळे मूल स्वमग्न होतं, असा समज तेव्हा घट्ट रुजला होता. किती आयांनी तो दोष निमूट सोसला असेल! सुसान फोलस्टीन यांच्यासह जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासून रटर यांनी १९७७मध्ये आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवून दिला. पुढे रुमानियाच्या अनाथालयांतून ब्रिटनमध्ये दत्तक आलेल्या मुलांचा त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला.