कलादालनाचे कार्यक्रम-नियोजन आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य : मुंबईतील तीन दालनांच्या संदर्भात

प्रास्ताविक

कलादालन आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य असा विषय निघाला की प्रवेशद्वारावरील घोषणा, उतरवलेली चित्रे आणि दाखल झालेले गुन्हे यांचीच चर्चा प्रामुख्याने होते. प्रत्यक्षात हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी, दालनाचे वार्षिक वेळापत्रक आखले जाते तेव्हाच बऱ्याच अंशी निकालात निघालेला असतो. भिंत कोणाला द्यावयाची, किती दिवसांसाठी, कोणाच्या शिफारशीने आणि ठरलेले प्रदर्शन रद्द करण्याचा अधिकार कोणाकडे, या गोष्टी वरवर पाहता कार्यालयीन स्वरूपाच्या आहेत. परंतु कलावंताचे स्वातंत्र्य त्यांवरच अवलंबून असते. मुंबईच्या काळा घोडा परिसरातील तीन दालनांच्या आधारे प्रस्तुत लेखात या संबंधाचे विवेचन केले आहे.

जहांगीर : अर्ज, भाडे आणि प्रतीक्षा

सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून 1952 मध्ये सुरू झालेल्या जहांगीर कलादालनाची पद्धत मुख्यतः अर्जाची आहे. चित्रकाराने कामाचे नमुने सादर करावयाचे, निवड समितीने ते पाहावयाचे आणि मान्यता मिळाल्यावर भाडे भरून सर्वसाधारणपणे एका आठवड्यासाठी दालन घ्यावयाचे, असा हा क्रम आहे. या पद्धतीचे लोकशाही मूल्य मोठे आहे. कोणत्याही विक्रेत्याचा वा संग्राहकाचा आधार नसलेल्या, कोल्हापूर वा नाशिकसारख्या ठिकाणी काम करणाऱ्या चित्रकारालाही येथे भिंत मिळू शकते. दालनाची अशी एकच एक अभिरुची नसल्यामुळे अमूर्त चित्रांच्या शेजारच्या खोलीत व्यक्तिचित्रे किंवा निसर्गचित्रे सुखाने नांदतात.

तथापि या मोकळिकीची किंमतही आहे. तारीख मिळण्यास अनेक वर्षे थांबावे लागत असल्याने एखाद्या ताज्या घटनेवरील चित्रमालिका त्या घटनेची धग असेपर्यंत लोकांसमोर येणे कठीण असते. भाडे, चौकटी, वाहतूक व छापील पत्रिका यांचा खर्च आठवडाभरात भरून निघावा, ही चिंता चित्रकाराला विकल्या जाणाऱ्या विषयांकडे नकळत वळवते. कोणी बंदी घातलेली नसते. हिशेबाची वहीच ते काम करते.

शिवाय भाडेपद्धतीत वादाचा भार प्रामुख्याने प्रदर्शन मांडणाऱ्यावर पडतो. 1954 मध्ये अकबर पदमसी यांच्या याच दालनातील प्रदर्शनात 'लव्हर्स' ही चित्रे पोलिसांना आक्षेपार्ह वाटली. ती उतरवण्यास पदमसी यांनी नकार दिला आणि त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. न्यायालयात ते निर्दोष ठरले. त्या वेळी त्यांचे वय तिशीच्याही आतले होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

केमोल्ड : निमंत्रणाची पद्धत

चौकटींच्या व्यवसायातून पुढे आलेल्या केकू आणि खोर्शेद गांधी या दांपत्याने 1963 मध्ये जहांगीरच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर केमोल्ड दालन सुरू केले. येथे अर्जाऐवजी निमंत्रण होते. दालनाने कलावंत निवडावयाचा, त्याच्यासोबत दीर्घकाळ राहावयाचे आणि विक्रीचा धोका आपणही पत्करावयाचा, ही खाजगी दालनांची रीत होय. तिचे फलित 1992 मध्ये स्पष्ट दिसले. नलिनी मलानी यांनी 'सिटी ऑफ डिझायर्स' या प्रदर्शनात थेट दालनाच्या भिंतींवर चित्रे रेखाटली आणि अखेरीस ती रंगाने पुसून टाकण्यात आली. ज्या कामातून घरी नेण्याजोगे काहीच उरत नाही, त्याला भाड्याच्या आठवड्यात जागा मिळणे अवघड. अर्थात निमंत्रण देणाऱ्याच्या दृष्टिक्षेपात न आलेल्या कलावंताला या पद्धतीत दाद मागण्याची सोय नाही, ही तिची उघड मर्यादा आहे.

राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय : समिती असणे आणि नसणे

समोरच्या सर कावसजी जहांगीर सभागृहात 1996 पासून राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयाची मुंबई शाखा आहे. येथे पैसा करदात्यांचा असल्याने विक्रीची चिंता नाही. म्हणून निवड कोण करतो हाच येथील कळीचा मुद्दा ठरतो. 8 फेब्रुवारी 2019 रोजी प्रभाकर बरवे यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी अमोल पालेकर यांनी नेमका हाच मुद्दा मांडला. स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या विसर्जित झाल्या असून सुधीर पटवर्धन आणि मेहली गोभई यांची पूर्वी संमत झालेली प्रदर्शने रद्द झाली आहेत, असे ते सांगत होते. भाषण बरवे यांच्यापुरतेच मर्यादित ठेवावे, असे सांगून त्यांना मध्येच थांबवण्यात आले.

या प्रसंगाची चर्चा वक्त्याला अडवले गेले एवढ्याभोवतीच फिरत राहिली. पालेकरांचा मूळ मुद्दा मात्र अधिक मूलगामी होता आणि तो तुलनेने दुर्लक्षित राहिला. समिती नसताना नकाराचे कारण कोणाला विचारावयाचे, हेच कलावंताला कळत नाही. पुढे पटवर्धन यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन 2019 च्या अखेरीस आणि गोभई यांचे 2020 मध्ये याच वास्तूत झाले. तेव्हा गोभई हयात नव्हते. 2018 मध्येच त्यांचे निधन झाले होते.

कायदा आणि दप्तर

राज्यघटनेच्या अनुच्छेद 19(1)(क) ने दिलेले स्वातंत्र्य अनुच्छेद 19(2) मधील वाजवी निर्बंधांच्या अधीन आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम 292 ची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 294 ने घेतली. अश्लील वस्तूचे जाहीर प्रदर्शन करणाराही या तरतुदीखाली जबाबदार धरला जातो. म्हणजे प्रसंगी दालनचालकही. कला, साहित्य, विज्ञान वा ज्ञान यांच्या हितासाठी समर्थनीय ठरणाऱ्या कृतींना अपवाद दिलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या अवीक सरकार प्रकरणात जुनी 'हिकलिन' कसोटी बाजूला सारून समकालीन समाजमानसाची कसोटी स्वीकारली.

तथापि अपवादाचा लाभ मागावा लागतो आणि त्यासाठी कागद लागतो. परदेशातून आणलेली मूळचे गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि पदमसी यांची सात चित्रे सीमाशुल्क विभागाने अश्लील ठरवून जप्त केली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये तो आदेश रद्द केला. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे सांगताना तज्ज्ञांच्या मतांकडे अधिकाऱ्याने केलेले दुर्लक्षही न्यायालयाने दोषास्पद मानले. निवड समितीचे सकारण टिपण, क्युरेटरचे निवेदन आणि कलावंताशी केलेला लेखी करार ही नियोजनाची साधी कागदपत्रे अशा वेळी पुरावा म्हणून उभी राहू शकतात. ती आक्षेप आल्यानंतर घाईघाईने तयार केली, तर त्यांना फारसे वजन राहत नाही. वेळापत्रकाच्या फायलीत ती प्रदर्शनाच्या आधीच्या तारखेची असावी लागतात.