पायाखालची ऊब

परभणीचा उन्हाळा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. इथल्या थंडीबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथल्या कृषी विद्यापीठात किमान तापमानाची नोंद २ अंश सेल्सिअस झाली होती. अशा पहाटे न्हाणीघराच्या फरशीवर अनवाणी पाऊल टाकणे म्हणजे काय, ते ऐंशी ओलांडलेल्या माणसाला विचारावे. आमच्या घरात ते माणूस म्हणजे माझी अम्मी. फजरच्या नमाजासाठी वजू करायला ती सगळ्यांच्या आधी उठते आणि कोणाचा हात धरत नाही.

न्हाणीघर नव्याने करायचे ठरले तेव्हा परदेशी असलेल्या मुलाने सुचवले, की टाइलखाली विजेवर तापणारी वायर टाकून घ्या, दादीचे पाय गरम राहतील. सूचना मायेची होती, म्हणून तिचा हिशेब नीट मांडला.

कल्पना जुनीच आहे. रोमन लोक स्नानगृहाची जमीन बुटक्या खांबांवर उचलून खालून गरम हवा खेळवत. कोरियात चुलीचा धूर जमिनीखालून नेऊन खोली उबदार ठेवत. काश्मीरमधल्या अनेक मशिदींच्या हमामात आजही दगडी फरशीखाली लाकडे पेटवतात.

मुळात फरशी गार का लागते? रात्रभर एकाच खोलीत असलेला लाकडी पाट आणि फरशी यांचे तापमान जवळपास सारखेच असते. पण फरशी पायातली उष्णता झपाट्याने ओढून घेते, लाकूड सावकाश. पायाला जाणवतो तो आपली ऊब निघून जाण्याचा वेग.

आता विजेचे पाहू. आमच्या न्हाणीघरात मोकळी जागा दोन चौरस मीटर. चौरस मीटरला १५० वॉट धरले तर ३०० वॉट. पहाटे दोन तासांना ०.६ युनिट. पंधरा लिटरची बादली १८ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण ०.४ युनिट लागते. म्हणजे खर्च दीड बादली गरम पाण्याइतका. बिलाची भीती नाही.

अडचण वेगळीच आहे. वायरखाली उष्णतारोधक थर नसेल तर बरीचशी ऊब जमिनीत जिरते. त्यात आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया आणि मुरुमाची भर चांगली नसेल तर कोबा तडकतो. त्यात पुरलेली वायर तुटली, की टाइल फोडल्याशिवाय ती दुरुस्त होत नाही. ओल्या जागेत अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी हवाच. शिवाय पहाटे वीज गेली तर सगळी व्यवस्था थंड. आणि एवढे करून उपयोग किती, तर हिवाळ्याच्या काही आठवड्यांपुरता.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. म्हाताऱ्या माणसाला थंडीपेक्षा घसरण्याचे भय मोठे. पाय गरम राहिला म्हणून साबणाच्या पाण्यावरून निसटायचा थांबत नाही. खुब्याचे हाड मोडले, की चालते-फिरते माणूस अंथरुणाला खिळते. पहाटे एकट्याने उठून वजू करण्याचा मानही जातो.

म्हणून वायरीचा बेत सोडला. चकचकीत टाइलऐवजी खरखरीत टाइल घेतली. नळाजवळ आणि कमोडशेजारी भिंतीत पक्के दांडे बसवले. दाराचा उंचवटा काढून हलका उतार दिला. बसून वजू करता यावा म्हणून न डगमगणारा स्टूल ठेवला, पायाखाली घट्ट बसणारी जाळीची रबरी चटई घातली. रात्रभर छोटा दिवा जळतो. गीझर पहाटे आधी लावतो. वीज गेलीच तर थर्मासमधले पाणी थंड पाण्यात मिसळून घेता येते.

डोंगराळ थंड मुलखात तापती फरशी ही गरज असेल. आपल्याकडे ज्यांना हौस आहे आणि ज्यांच्या घराचा पाया पक्का आहे, त्यांनी ती जरूर करावी. फक्त टाइल निवडण्याआधी घरातल्या सर्वांत थकलेल्या पावलांना काय हवे, ते विचारून घ्यावे. अम्मीला विचारले तेव्हा तिने ऊब मागितलीच नाही. धरायला काहीतरी हवे, एवढेच म्हणाली.