लक्ष मण्यांचा एक ताल

रासायनिक क्रिया एकाच दिशेनें चालते व अखेर शांत होते, अशी आपणां सर्वांची शाळेपासूनची समजूत असते. कळीच्या चुन्यावर पाणी घातलें कीं तो फसफसतो, तापतो आणि निवतो. निवलेला चुना पुन्हां आपोआप उकळत नाहीं. म्हणूनच १९५१ च्या सुमारास बोरिस बेलुसोव्ह या रशियन रसायनज्ञांनीं जेव्हां असें कळविलें कीं, सायट्रिक आम्ल, ब्रोमेट आणि सीरियम यांचें आपलें मिश्रण पिवळें होतें, मग निर्वर्ण होतें, आणि पुन्हां पिवळें होतें, तेव्हां संपादकांनीं तें अशक्य म्हणून निबंध परत केला. अखेर १९५९ मध्यें एका परिषदेच्या वृत्तांतांत एक लहानसें टिपण तेवढें छापलें गेलें. पुढें झाबोटिन्स्की या तरुण संशोधकानें तो विषय हातीं घेऊन तडीस नेला. १९८० सालीं या कार्याला लेनिन पारितोषिक मिळालें, तेव्हां बेलुसोव्ह हयात नव्हते.

वास्तविक यांत निसर्गनियमाचा भंग कोठेंच नाहीं. मिश्रणाची एकंदर शक्ति सतत उतरणीलाच लागलेली असते. वर-खालीं होतात तीं केवळ मधलीं द्रव्यें. त्यांपैकीं एक द्रव्य व्याजावर व्याज चढावें तसें स्वतःचेंच उत्पादन वाढवितें. मग ब्रोमाइड तयार होऊन त्याला आवर घालतें. आणि ब्रोमाइड खर्चून गेलें कीं पहिलें पुन्हां डोकें वर काढतें. असें हें रासायनिक घड्याळ.

आतां अशीं पुष्कळ घड्याळें जवळ आणलीं तर काय होईल? पाढे म्हणणाऱ्या वर्गांत मास्तर गप्प असले तरी आरंभींचा गलका थोड्याच वेळांत एका सुरांत येतो, हें आमच्या पेशांतल्या प्रत्येकानें ऐकलेलें आहे. जपानचे कुरामोटो यांनीं १९७५ मध्यें गणितानें दाखविलें कीं, परस्परांवरील परिणाम एका ठराविक मर्यादेच्या खालीं असेल तर मेळ मुळींच बसत नाहीं. मर्यादा ओलांडली कीं बसूं लागतो. २००२ मध्यें अमेरिकेंत व्हर्जिनिया विद्यापीठांत गंधकाम्लांत बुडविलेल्या निकेलच्या ६४ विद्युदग्रांवर हें प्रत्यक्ष पडताळून पाहण्यांत आलें.

परंतु अधिक विलक्षण प्रयोग २००९ मधील. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठांतील केनेथ शोवॉल्टर व त्यांचे सहकारी यांनीं सच्छिद्र मणी फेरॉइन या द्रव्यानें भरले आणि असे सुमारें एक लक्ष मणी बेलुसोव्हच्या धर्तीच्या द्रावणांत सोडले. द्रावणांत स्वतःचें फेरॉइन नाहीं. म्हणून तांबड्याचा निळा व निळ्याचा तांबडा हा खेळ मण्यांतच चालतो. मण्यांचें एकमेकांशीं दळणवळण होतें तें द्रावणामार्फत, आणि तें किती व्हावें हें ढवळण्याच्या वेगावर ठरतें.

मंद ढवळलें तर प्रत्येक मणी आपापल्या लयींत रंग बदलतो, आणि मणी वाढवीत गेल्यास हळुहळू मेळ जमतो. जोरानें ढवळलें तर मात्र निराळेंच घडतें. मणी थोडे असतील तर एकहि हालत नाहीं, कारण आंत निपजलेलें उत्तेजक द्रव्य लगेच बाहेर जाऊन विरतें. संख्या वाढवीत नेली कीं एका ठराविक टप्प्यावर सारेच्या सारे एकदम, आणि एकाच तालावर, सुरू होतात. पाढ्यांचा दृष्टांत येथें अपुरा पडतो. या वर्गांत कोणीच कांहीं म्हणत नव्हतें, आणि चार मुलें वाढतांच सारा वर्ग एका सुरांत म्हणूं लागला!

गंमत अशी कीं, मेळ जमण्यापूर्वीं दोन्ही पात्रें वरून पाहणाऱ्यास सारखींच शांत वाटतात. एकांत मण्यांचे चढउतार एकमेकांस पुसून टाकतात, दुसऱ्यांत चढउतारच नसतात. हा भेद एकेक मणी निरखल्यावांचून कळत नाहीं. आपल्या हृदयाला ठेका देणाऱ्या हजारों पेशी, साखर पचविणाऱ्या यीस्टच्या पेशी, यांचाहि कोणी म्होरक्या नसतो. आणि विरळ केलेलें यीस्ट गप्प झालें म्हणजे त्यांतली एकेक पेशी थांबली कीं केवळ ताल सुटला, हाच प्रश्न तेथेंहि संशोधकांपुढें उभा राहिला आहे.