उत्तरवयाचा बहार

संत्र्याच्या एकाच झाडाला आंबिया आणि मृग असे दोन निराळे बहार येतात, हे पांढुर्णा-सौंसरच्या बागाइतदारांस सांगावयास नको. एकाच्या मापाने दुसरा मोजावयाचा नसतो. गायकाचेही तसेच आहे. २००५ साली, सत्तरी ओलांडलेल्या आशा भोसले यांनी सान फ्रान्सिस्कोच्या क्रोनॉस या तंतुवाद्य-चतुष्टयासह राहुलदेव बर्मन यांची गीते ध्वनिमुद्रिकेसाठी पुन्हा गायिली. वयपरत्वे श्वास आखूड होतो, तारस्वर जड जातात. परंतु शब्द कोठे थांबवावा, याची जाण वाढते. शिवाय गीतांना चाली देणारे पती १९९४ सालीच निवर्तले होते. तरुणपणीची लडिवाळ साद तीच राहिली. ऐकणारा मात्र उरला नव्हता. त्या ध्वनिमुद्रिकेत जुना तजेला न शोधता हे अंतर ऐकावे.