कवितेचे भय

आमच्या विद्यालयातील वरच्या वर्गांच्या मराठी उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट वर्षानुवर्षे नजरेस येत असे. गद्य उताऱ्यावरील प्रश्न मुले कशीबशी का होईना सोडवीत, व्याकरणात चुकतमाकत पुढे जात. परंतु कवितेचे रसग्रहण करावयाचा प्रश्न आला की पान कोरे राही. जी पाने कोरी नसत ती वाचून तर अधिकच खेद वाटे. वीस मुलांची वीस उत्तरे, आणि वाक्ये मात्र तीच. क्रम तोच, विशेषणे तीच, फार काय, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच! बाजारातल्या ‘गाईड’ नामक पुस्तकातून ती सर्वांनी घोकलेली असत. मुलांस विचारावे तर ती खाली मान घालून म्हणत, “सर, कविता आम्हांला नाही समजत.” गणित समजत नाही असे सांगणारा मुलगा निदान कोठे अडले ते बोट ठेवून दाखवितो. कवितेच्या बाबतीत मात्र तो आपल्या बुद्धीवरच ठपका ठेवून मोकळा होतो, हे आम्हांस फार लागे.

ही गोष्ट परीक्षेच्या गुणांपुरती असती तर तिच्याविषयी या वार्षिकात लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांतील आमची बहुतेक मुले पाड्यांवरून येतात. कोणी वारली, कोणी कोकणा, कोणी ठाकूर, कोणी महादेव कोळी, कोणी कातकरी. घरात बोलतात ती भाषा निराळी, पुस्तकात छापलेली निराळी. कित्येकांच्या घरात शाळेचे तोंड पाहिलेली ही पहिलीच पिढी. दिवाळी सरली की आईबाप वीटभट्टीच्या कामावर दूर जातात आणि मूल वसतिगृहात एकटे राहून अभ्यास करते. अशा मुलाने ‘छापलेले मला समजत नाही’ अशी एकदा मनाशी गाठ मारली, म्हणजे ती कवितेच्या पुस्तकात राहत नाही. कचेरीत, दवाखान्यात, नोकरीच्या मुलाखतीत, जेथे जेथे कागद पुढे येईल तेथे तेथे ती त्याची जीभ बांधून टाकते.

दोष मुलांचा नव्हे हे उमगावयास आम्हांस पुष्कळ वर्षे लागली. आणि उमगले तेव्हा दोषाचा मोठा वाटा आमच्याच पदरी आला. आम्ही वर्गात जाऊन कविता एकदा वाचीत असू, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून देत असू, आणि लगेच ‘भावार्थ’ सांगावयास लागत असू. मुले तो उतरून घेत. यातून त्यांनी शिकावयाचे ते बरोबर शिकून घेतले: कविता ही कुलूप लावलेली पेटी आहे आणि तिची किल्ली गुरुजींच्या खिशात असते. गुरुजी नसतील तेव्हा गाईडाच्या. तिसरी जागा नाही.

येथे एका परदेशच्या हकिकतीचा उल्लेख करावासा वाटतो. आय. ए. रिचर्ड्स या अध्यापकांनी इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात एक प्रयोग केला. तेरा कविता, त्यांवर कवीचे नाव नाही, काळ नाही, काही नाही. अशा त्या विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या आणि जे वाटेल ते मोकळेपणाने लिहून आणावयास सांगितले. त्या लेखी मतांचा विचार करून त्यांनी १९२९ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात काय आढळले? उत्तम शाळांतून आलेल्या त्या तरुणांपैकी पुष्कळांस कवितेचा सरळ, साधा अर्थच लागला नव्हता. कोण काय म्हणतो आहे हेच नीट न पाहता त्यांनी मोठमोठे अभिप्राय दिले होते. थोर कवींच्या रचनांस त्यांनी नावे ठेविली आणि सामान्य पद्याची वाहवा केली. आम्ही ही हकिकत वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकांवरील मुले ताठ बसतात! जे केंब्रिजात अडखळले ते जव्हारात अडखळले तर त्यात लाज ती कसली? आणि अडखळण्याची लाज वाटू नये यास याहून जुना दाखलाही आहे. पेरणाऱ्याचा दाखला ऐकून प्रत्यक्ष प्रभूच्या शिष्यांस त्याचा अर्थ कळला नाही. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी जाऊन विचारले.

रिचर्ड्स यांच्या प्रयोगातून आम्ही एकच धडा उचलला. आधी साधा अर्थ, मग बाकीचे. परंतु साध्या अर्थाच्याही आधी आणखी एक पायरी आहे आणि ती आमच्या मुलांस उपजतच येते, हे आमच्या ध्यानी उशिरा आले. ती पायरी म्हणजे कान.

आमच्याकडील वारली लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पालघट देवीची आकृती असते, आणि धवलेरी स्त्रिया गाणी गाऊन लग्नविधी चालवितात. त्यांपैकी पुष्कळींस अक्षरओळख नसते; गाणे मात्र त्यांच्या मुखात आहे. आमच्या वर्गातील कित्येक मुली या गाण्यांत वाढल्या आहेत. तारप्याभोवती फेर धरून नाचणाऱ्या मुलास वाद्याचा सूर पालटला हे सांगावे लागत नाही. त्याची पावले आपोआप पालटतात. ज्याच्या पावलांस एवढे कळते त्याच्या कानास ओळीची लय पालटलेली कळणार नाही काय? पूर्वी शाळांतून आर्या, साकी, दिंडी चालीवर म्हणण्याची रीत होती. ती मोडली आणि कविता डोळ्यांनी वाचावयाची वस्तू झाली, हे आमच्या मते मोठेच नुकसान झाले. म्हणून हल्ली नवी कविता आम्ही प्रथम तीन वेळां मोठ्याने वाचवितो. एकदा आम्ही, एकदा एखादी मुलगी, एकदा सर्व वर्ग. पुस्तके मिटलेली. मग एवढेच विचारतो, “कानास काय लागले?” कोणी सांगते, अमुक शब्द फिरून आला. कोणी सांगते, शेवटी गाणे हळू झाले. फिरून येणाऱ्या शब्दाची खूण मुलांस चटकन पटते, कारण घरच्या गाण्यांत ओळ फिरून फिरून येते, आणि आपल्या प्रार्थनेतील स्तोत्रांतही पहिल्या चरणाचा विचार दुसऱ्या चरणात निराळ्या शब्दांनी पुन्हा येतो.

यानंतर पुस्तक उघडावयाचे आणि विचारावयाचे, येथे बोलतो आहे कोण? कवितेतला ‘मी’ म्हणजे कवीच, अशी मुलांची समजूत असते, आणि तीमुळे पुष्कळ घोटाळे होतात. हे समजाविण्यास आम्हांस मोखाड्याकडील बोहाडा फार उपयोगी पडला. बोहाड्यात गावचाच माणूस रावणाचा मुखवटा चढवून नाचतो. त्या रात्री तो रावण असतो; पण दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून उसने मागावयास जाताना कोणी भीत नाही! कवीही असाच कधी मुखवटा घेतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता घ्या. तीत प्रथम घायाळ पक्षिणी दुरून दिसते, आणि मग ती स्वतः आपल्या पिलांशी बोलू लागते. पाहणाऱ्याचा आवाज कोठे थांबला आणि आईचा कोठे सुरू झाला, तेथे मुलांस पेन्सिलीने रेघ मारावयास सांगितली. ती रेघ जिला बरोबर मारता आली तिला त्या कवितेतील करुणा समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

आता एका तासाची हकिकत थोडी विस्ताराने सांगतो. कविता होती बालकवींची ‘औदुंबर’. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे (१८९०–१९१८). अहमदनगरास टिळकांच्या घरी ते घरच्या मुलासारखे राहिले होते, तेव्हा ते एका परीने आपलेही आहेत. कविता अवघ्या आठ ओळींची. तीत एक झरा आहे, टेकडीकडे लहानसे गाव आहे, शेते आहेत, त्यांतून एक पायवाट डोहाकडे गेली आहे, आणि शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेले उंबराचे झाड आहे. ही कविता आम्ही पंधरा वर्षे तरी शिकवीत होतो आणि ‘निसर्गसौंदर्याचे मनोहर चित्र’ हे शब्द पंधरा वर्षे फळ्यावर लिहीत होतो. त्या दिवशी काही लिहिले नाही. विचारले, “या चित्रात माणूस आहे का?”

सर्व वर्ग म्हणाला, नाही. क्षणभराने मोखाड्याकडची एक मुलगी, जी वर्षभरात चार वाक्ये बोलली नसेल, उठून म्हणाली, “आहे, सर. वाट पाण्याची आहे.”

आम्हांस प्रथम अर्थबोधच झाला नाही. तिने सांगितले ते असे: वाट डोहाकडे जाते ती पाण्यासाठी, आणि हिरव्यातून ती पांढरी दिसते ती रोज पाय पडून गवत गेले म्हणून. कोणीतरी रोज हंडा घेऊन जाते. दिसत नाही एवढेच. ज्या मुलुखात चार महिने पाऊस धो धो कोसळतो आणि वैशाखात आयाबहिणींस पाण्यासाठी दूरवर चालावे लागते, त्या मुलुखातल्या मुलीसच ही वाट अशी दिसणार. पंधरा वर्षांत ती आम्हांस दिसली नव्हती, आणि कोणत्याही गाईडात ती असल्याचे आम्हांस आढळले नाही.

वर्गाचे धैर्य एकदम वाढले. एक मुलगा म्हणाला, झाड म्हातारे आहे, गुरे राखून थकलेला माणूस बसतो तसे बसले आहे. दुसरा म्हणाला, त्या झाडावर भूत आहे. वर्ग हसला. आम्ही हसू थांबविले व विचारले, “कोणत्या शब्दावरून म्हणतोस?” त्याने पाण्यावर पसरलेल्या काळोखीचा शब्द दाखविला. आम्ही फळ्यावर लिहिले: भय वाटते, आधार आहे, भूत, आधार नाही. मुलगा खाली बसला तो ओशाळून नव्हे, समाधानाने; कारण त्याच्या म्हणण्यापैकी अर्धे खरे ठरले होते. या आठ ओळींवर जाणत्या टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे आणि त्यांचेही एकमत झालेले नाही. कोणास तो औदुंबर विरक्त वाटतो, कोणास उदास. तेव्हा भीती वाटणारा आमचा विद्यार्थी काही अगदीच एकटा नव्हता.

‘कोणत्या शब्दावरून?’ हा प्रश्न तेव्हापासून आमच्या वर्गाचा नियम होऊन बसला आहे. वाटेल ते बोलण्याची मुभा आहे, पण बोट ओळीवर ठेवून. या नियमाने दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. भित्र्या मुलास धीर येतो, आणि वाचाळ मुलास (असेही असतात!) लगाम बसतो. तो आम्हांसही लागू आहे, आणि मुले तो आम्हांस लावावयास कचरत नाहीत.

कित्येक पालक विचारतात, “हे सगळे ठीक, सर, पण परीक्षेत गुण मिळतील ना?” प्रश्न रास्त आहे. परीक्षेच्या उत्तरात कवीचे नाव, कवितेचा विषय, साधा अर्थ, भाषेचे विशेष हे सर्व यावयासच हवे, आणि ते आम्ही करून घेतो. त्यानंतर स्वतःस दिसलेली एक गोष्ट, शब्दाचा आधार देऊन, दोन वाक्यांत लिहावी असे सांगतो. सर्वच परीक्षकांस ती रुचेल असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. परंतु कोऱ्या पानास गुण देणारा परीक्षक अद्याप जन्मास यावयाचा आहे, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडील कोरी पाने बरीच कमी झाली आहेत. गाईड आम्ही जप्त केलेले नाही. कविता स्वतः वाचून झाल्यावर ते खुशाल उघडावे. त्यातील मत पटते की नाही हे पाहण्यास ते चांगले.

पालकांपैकी ज्यांस वाचता येत नाही ते म्हणतात, आम्ही या कामी काय मदत करणार? त्यांस आम्ही बहिणाबाई चौधरी यांचे नाव सांगतो. खानदेशातील या शेतकरी बाईंस लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात काम करताना त्या आपल्या बोलीत गाणी रचीत. घरच्यांनी ती उतरून ठेविली. १९५१ साली त्या वारल्या आणि पुढल्या वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. ज्यांस स्वतःचे नाव लिहिता आले नाही त्यांच्या कविता महाराष्ट्रातील शाळांतून शिकविल्या गेल्या. आपली घरची बोली म्हणजे अशुद्ध मराठी, अशी जी समजूत मुले मनात घेऊन येतात, ती घालविण्यास याहून मोठे औषध आम्हांस ठाऊक नाही. मुलाने घरी कविता मोठ्याने म्हटली तर हातातले काम न सोडता ऐकावी, आणि ‘म्हणजे काय रे?’ एवढेच विचारावे. ज्यास खरोखर ठाऊक नाही त्याने विचारलेला प्रश्न मुलाच्या फार उपयोगी पडतो. आम्ही विचारला तर त्यास वाटते, सरांस उत्तर ठाऊकच आहे.

या वर्षापासून वर्गात एक जाड वही ठेविली आहे. तीत प्रत्येकाने घरचे एक गाणे, म्हणणाऱ्याची परवानगी घेऊन, ज्या बोलीत असेल त्याच बोलीत उतरावयाचे. शेजारच्या पानावर ते कोण म्हणते, केव्हा म्हणते, आणि त्यातला कोणता शब्द आपणांस आवडला हे लिहावयाचे. पाण्याची वाट दाखविणाऱ्या त्या मुलीने आजीचे लग्नातले गाणे आणले, पण ते अर्धेच. लग्न नसताना ते पुरते म्हणावयाचे नाही, असे आजीने बजावले. वैशाखात त्यांच्या पाड्यावर एक लग्न आहे. तेव्हा उरलेले उतरून आणीन, असे तिने कबूल केले आहे. वहीतील पुढची दोन पाने आम्ही तिच्यासाठी मोकळी ठेविली आहेत.