कायदा मंजूर झाला, पण लागू केव्हा होतो?

कायदा मंजूर होणं आणि लागू होणं एकच, असं आपण धरून चालतो. तसं नाही. अमेरिकेतल्या घड्याळांचंच उदाहरण घेऊ.

तिथे १९६६च्या केंद्रीय कायद्यानुसार उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात. हा काळ वाढवणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ८ ऑगस्ट २००५ला सही केली. सही झाली, पण घड्याळं काही हलली नाहीत! बदल २००७च्या मार्चपासून अमलात येईल, असं कायद्यातच लिहिलं होतं. मधला काळ तयारीचा. मग ११ मार्च २००७ला पहाटे दोनचे एकदम तीन वाजले.

आता कॅलिफोर्निया बघा. बारा महिने उन्हाळी वेळ ठेवण्याचा मार्ग तिथल्या मतदारांनी २०१८मध्ये सार्वमताने मोकळा केला. पण १९६६चा कायदा आडवा येतो. राज्याला उन्हाळी वेळ नाकारता येते, हवाई राज्य नाकारतंच. ती कायमची मात्र करता येत नाही. उन्हाळी वेळ देशभर कायमची करणारं विधेयक २०२२मध्ये सिनेटने मंजूर केलं, प्रतिनिधिगृहात ते अडलं आणि मुदत संपल्यावर बाद झालं. कॅलिफोर्निया अजून वर्षातून दोनदा घड्याळ बदलते.

मग लोकांचा कौल फुकट गेला का? आम्हाला तसं वाटत नाही. पण इच्छेचा कायदा व्हायचा, तर ज्याला अधिकार आहे त्याने, ठरल्या रीतीने, तारीख घालून तो सांगावा लागतो. ही रीत वेळखाऊ खरी. पण ती नसेल, तर उद्या कोणीही उठून आपल्या घड्याळाला हात घालील.