सडका पत्रा आणि खरी जीप

सातपुड्यातल्या जीपचा पत्रा बाहेरून कमी आणि आतून जास्त सडतो. मुंबईतल्या प्रीमियर पद्मिनीला खारी हवा खात असे. नंदुरबार जिल्ह्यात समुद्र नाही, पण अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरवाटांचा चिखल आहे. पावसाळ्यात तो चेसीच्या चॅनेलमध्ये, मडगार्डच्या घडीत आणि फरशीखाली ठासून बसतो. दिवाळीपर्यंत वरचा थर वाळतो, आतला ओलाच राहतो. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की गंज धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा काही पट जास्त जागा लागते. त्यामुळे तो दोन पत्र्यांच्या जोडात शिरला की जोड आतून फुगवतो आणि स्पॉट वेल्डिंगचे ठिपके उखडून काढतो. रंगाला फोड आलेला दिसतो, तेव्हा मागे धड पत्रा बहुधा उरलेलाच नसतो. म्हणून माझं म्हणणं असं, की जुनी जीप पुन्हा उभी करायची तर सडलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापावा आणि त्या जागी हाताने नवा घडवावा. गाडीशी इमान राखायचं ते असं. सडका पत्रा ‘ओरिजिनल आहे’ म्हणून पुट्टीखाली झाकून ठेवणं ही फसवणूक आहे.

जीपची घडणच या बाजूने साक्ष देते. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बांधल्या. इतक्या गाड्या झपाट्याने निघायच्या तर पत्रा सपाट आणि घडी सरळ हवी. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत जीप जुळवायला घेतली आणि पुढे सीजे-3बी हे मॉडेल अमेरिकेत बंद पडल्यावरही अनेक वर्षं इथे बनवलं. सपाट पत्र्याची तीच घडण त्यासोबत आली. धडगाव-मोलगीचे पाडे एसटीइतकेच जीपने जोडले गेले, आणि त्या जीपगाड्या शहादा-तळोद्यापर्यंत कुठेही दुरुस्त होत राहिल्या, याला कारण हा सपाटपणा. पद्मिनीचं तसं नाही. 1953 सालच्या फियाट 1100 पासून आलेली तिची बॉडी हीच तिची चेसी. दाराखालची पट्टी सडली की गाडीचा कणाच मोडतो. जीपची शिडीसारखी चेसी वेगळी आणि टप, म्हणजे वरची बॉडी, वेगळा. टप बोल्ट काढून उतरवता येतो आणि सरळ पत्रा साध्या वाकवणीवर, हातोड्याने घडवता येतो.

मूळ ते सगळं चांगलं, हा भ्रम याच गाडीपाशी तुटतो. युद्धकाळच्या जीपमध्ये फरशीला बळकटी देणाऱ्या, टोपीच्या आकाराच्या लोखंडी पट्ट्यांत लाकूड बसवलेलं असे. लाकूड पाणी धरून ठेवी आणि पट्टी आतून खाल्ली जाई. हा दोष मूळच्या रचनेतला. तो भाग बदलताना पट्टीची उंची, रुंदी आणि बोल्टची भोकं तंतोतंत तीच ठेवावीत; लाकूड पुन्हा घालायचंच असेल तर आधी सर्व बाजूंनी रंग पाजून घालावं. काम असं चालतं. पेचकसाच्या दांड्याने पत्रा ठोकत जायचं. धड पत्रा टणटणतो, सडका भद आवाज देतो. आवाज पालटतो तिथून बोटभर पुढे, धड लोखंडात, ग्राइंडरची रेघ. मग जाड पुठ्ठ्याचा नमुना, त्यावरून पत्रा. गेज मूळचाच हवा: 18 गेजच्या, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपासच्या पत्र्याला 22 गेजचा तुकडा जोडला की वेल्डिंगला भोक पडतं, आणि टिकला तरी दुसऱ्या पावसाळ्यात तिथेच चीर जाते. जोड एका दमात ओढायचा नाही. आधी बोटा-दोन बोटांवर टाचे, एक इथे, एक पार तिकडे, मध्ये गार होऊ द्यायचं. नाहीतर पत्रा तापून आकसतो आणि लाटा धरतो. आकसलेला जोड खाली डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून हलक्या हातोडीने पुन्हा ताणला की रेघ नाहीशी होते. हे कसब बोटांत असतं आणि बोटांतूनच पुढे जातं. ते ज्याच्याकडे आहे त्याला नुसता ‘ठोकपीटवाला’ म्हणणं अन्याय आहे. छपराचा जस्ती पत्रा हाताशी असतो म्हणून तो लावण्याचा मोह मात्र टाळावा. जस्त जळून जोड सच्छिद्र होतो आणि त्याच्या धुराने वेल्डिंग करणाऱ्याला ताप भरतो.

यावर गंभीर आक्षेप येतो तो जतनवाद्यांचा: इतका पत्रा बदलल्यावर ती तीच गाडी कशी? जुन्या वाहनांच्या फिवा या आंतरराष्ट्रीय महासंघाने ट्युरिनची सनद स्वीकारली आहे. तिचा भर आहे तो शक्य तितकं जपण्यावर, कमीत कमी हात लावण्यावर आणि केलेल्या कामाची नोंद ठेवण्यावर. हे मला मान्य आहे. ‘चांगलं लोखंड लागेपर्यंत’ याचा अर्थच त्यापुढे एक सूतही नाही असा आहे. वरवरच्या गंजाला तर कापायची गरजच नाही. हिरड्यातलं टॅनिन गंजलेल्या लोखंडाशी मिळून काळं, टिकाऊ संयुग बनवतं. जुन्या पोथ्यांची हिरड्याची शाई याच गुणावर चाले, आणि आजची गंज थोपवणारी काही रसायनंही याच तत्त्वावर चालतात. पण ती रसायनं धड लोखंडावरचा गंज थांबवतात, नाहीसं झालेलं लोखंड परत आणत नाहीत. जिथे भोक आहे तिथे जपण्यासारखं लोखंडच उरलेलं नाही. अशा जागी सनदेचं मागणं उरतं ते नोंदीचं. म्हणून नव्या तुकड्याच्या मागच्या बाजूला पंचाने वर्ष ठोकावं आणि कापलेल्या भागाचे फोटो गाडीच्या कागदांत ठेवावेत. पुट्टी अशी कुठलीच नोंद ठेवत नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनी 50 वर्षांहून जुन्या, बिगरव्यापारी गाड्यांना ‘व्हीए’ खुणेची वेगळी नोंदणी दिली. नव्या नोंदणीला 20,000 रुपये फी आणि अट अशी, की चेसी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. मूळ आकाराचा, मूळ जाडीचा तुकडा मूळ जागी बसवणं हा माझ्या मते फेरफार नव्हे. लांबी वाढवून जादा बाक घालणं हा फेरफार. भाडं मारण्यासाठी वाढवलेले असे टप मूळ मापावर आणणं मात्र पुनरुज्जीवनातच मोडावं. चेसीचा नंबर कोरलेल्या भागाला कटर लावू नये, तो आजूबाजूने जपावा. आणि चेसीचं चॅनेलच खाल्लं गेलं असेल तर तिथे पत्र्याचं ठिगळ चालत नाही. त्याच जाडीची प्लेट जाणत्या वेल्डरकडून लावून घ्यावी, कारण तोरणमाळच्या उतारावर सगळा भार त्या जोडावर येतो.

खर्चाचा मुद्दा राहतो. पुट्टी आज स्वस्त पडते, पण ती बारीक चिरांतून ओल पिते आणि मागचा गंज झाकून वाढवते. दोन-तीन पावसाळ्यांनी तेच काम दुप्पट जागेत करावं लागतं. पावसाळ्याआधी चेसीत जळकं ऑईल ओतायची रीतही स्वस्त आहे. त्याचा थर पाणी थोडंफार अडवतो, पण रबराचे बुश फुगवतो आणि पहिल्या सरीला शेतात उतरतो. आत मेणाचा फवारा मारणं कितीतरी बरं. त्याआधी दहा मिनिटं आणि एक जाड तार पुरते: पाणी निथळावं म्हणून चेसीला आणि फरशीला कारखान्यानेच भोकं ठेवलेली आहेत, आणि खालून पाहिलं तर त्यांतली बहुतेक गेल्या पावसाळ्याच्या मातीने बुजलेली सापडतात.